सरासरी आणि प्रमाण यांच्या परिकल्पना चाचण्या: सरावाची गणिते आणि चर्चा

घोडबंदरवासी
नोकरी सांभाळून पदव्युत्तर अर्थशास्त्राची परीक्षा देणाऱ्या आम्हा काही जणांचा अभ्यास सध्या परिकल्पना चाचण्यांपाशी, म्हणजे नमुन्यावरून एखादा दावा टिकतो का ते तपासण्याच्या पद्धतींपाशी, आला आहे. पाठ्यपुस्तकातील गणितांची अडचण अशी, की प्रकरणाच्या शीर्षकावरूनच कोणती चाचणी लावायची ते समजते आणि मग सराव होतो तो केवळ सूत्रात आकडे घालण्याचा. परीक्षेत प्रश्न शीर्षकाविना येतात. म्हणून आसपासच्या विषयांवर तीन गणिते रचली आहेत. त्यांतील सर्व आकडे काल्पनिक आहेत; कोणत्याही उत्पादकाची, संकुलाची किंवा वाहतुकीची ती प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

पहिले गणित. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून ५०० ग्रॅम असे छापलेल्या हळदीच्या १६ पुड्या यादृच्छिक पद्धतीने घेतल्या. निव्वळ वजनाची सरासरी ४९७.२ ग्रॅम आणि नमुन्याचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) ४.८ ग्रॅम आले. पुड्यांचे सरासरी वजन छापील वजनापेक्षा कमी आहे, असे १ टक्का सार्थकता पातळीवर (म्हणजे खरा दावा चुकून फेटाळण्याची शक्यता १ टक्का धरून) म्हणता येईल काय?

दुसरे गणित. घोडबंदर रस्त्यावरील ६०० घरांच्या एका संकुलाची समिती म्हणते, की ८० टक्के घरे ओला आणि सुका कचरा वेगळा करून देतात. १०० घरांची पाहणी केली असता ७२ घरे तसे करताना आढळली. समितीचे म्हणणे ५ टक्के पातळीवर टिकते काय?

तिसरे गणित. ठाण्याहून वाशीला कामाला जाणाऱ्या आठ जणांनी एक दिवस ट्रान्स-हार्बर लोकलने आणि एक दिवस ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने प्रवास केला. घरापासून कार्यालयापर्यंत लागलेली मिनिटे लोकलने अनुक्रमे ३८, ५२, ४५, ६१, ४०, ५७, ४९, ६६ आणि त्याच क्रमाने बसने ४३, ५५, ५२, ६४, ४२, ६५, ५१, ६८ अशी आहेत. दोन्ही मार्गांच्या सरासरी वेळेत फरक आहे काय?

आमच्या गटात तिन्ही गणितांवर दोन-दोन तट पडले आहेत. पहिल्यात गुणोत्तर उणे २.३३ येते, झेडच्या (सामान्य वक्राच्या) तक्त्याने शून्य परिकल्पना, म्हणजे ‘सरासरी ५०० च आहे’ हे तपासायचे गृहीतक, फेटाळली जाते, टीच्या (लहान नमुन्यांच्या) तक्त्याने नाही. दुसऱ्यात झेड उणे २ येते, म्हणजे समितीचे म्हणणे फेटाळले जाते, पण ९५ टक्के विश्वास अंतराल (नमुन्यावरून काढलेला, खरे प्रमाण ज्यात असावे असा पट्टा) काढला तर तो ०.६३२ ते ०.८०८ येतो आणि त्यात ०.८० बसते. तिसऱ्यात एकाचे उत्तर ०.८१ आहे आणि दुसऱ्याचे ४.७३. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मास्तरीणबाई
गणिते चांगली निवडली आहेत. पहिल्याचे आणि तिसऱ्याचे मी सांगते. दुसरे वेगळ्याने घ्यावे लागेल.

पहिल्या गणितात प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरीत अपेक्षित असलेला चढउतार) म्हणजे ४.८ भागिले १६ चे वर्गमूळ, अर्थात १.२ ग्रॅम. सरासरीतील तूट २.८ ग्रॅम, म्हणून तूट भागिले प्रमाण त्रुटी हे गुणोत्तर उणे २.३३३. इथवर वाद नाही. वाद आहे तो हे गुणोत्तर कोणत्या तक्त्याशी ताडून पाहायचे याचा. झेडच्या तक्त्यात १ टक्क्याचे एकतर्फी (फक्त तुटीची बाजू पाहणारे) मूल्य २.३२६ आहे, त्यामुळे तिथे निसटता का होईना, पण नकार मिळतो. मात्र झेड वापरायचा तर समष्टीचे (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या पुड्यांचे) प्रमाण विचलन आधीपासून माहीत असावे लागते, आणि गणितात दिलेले ४.८ हे त्याच १६ पुड्यांवरून काढलेले आहे. दुसऱ्या १६ पुड्या घेतल्या असत्या तर सरासरी बदलली असती तसे हेही बदलले असते. भाजकातील ही अनिश्चितता झेडच्या तक्त्याला ठाऊकच नसते. टीच्या तक्त्यात १५ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी (इथे नमुन्याची संख्या वजा एक) १ टक्क्याचे एकतर्फी मूल्य २.६०२ आहे आणि आपले २.३३३ तिथपर्यंत पोहोचत नाही. ५ टक्के पातळीवर १.७५३ हे मूल्य सहज ओलांडले जाते. म्हणजे पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना एवढी किंवा याहून मोठी तूट येण्याची शक्यता) ०.०१ आणि ०.०२५ यांच्या दरम्यान आहे. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले तरी पुरते.

लहान नमुन्यातील हा प्रश्न प्रथम सोडवला तो डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी. कारखान्यात प्रयोगांची संख्या मुळातच थोडी असे आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रे तिथे लागू पडत नसत. त्यांचा लेख १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकात आला, म्हणून आजही आपण ‘स्टुडंटची टी चाचणी’ म्हणतो. विद्यार्थ्यांसाठी केलेली सोपी चाचणी असा अर्थ काही मुले लावतात, तो मात्र खरा नाही.

तिसऱ्या गणितात आकड्यांपूर्वी मोजणी कशी झाली ते पाहावे. सोळा स्वतंत्र प्रवासी नाहीत. आठच जण आहेत आणि प्रत्येकाने दोन्ही मार्ग घेतले आहेत. कोणी कोपरीला स्थानकाशेजारी राहतो, कोणी कासारवडवलीला. त्यामुळे ३८ मिनिटे आणि ६६ मिनिटे यांतला मोठा फरक घराच्या अंतराचा आहे, मार्गाचा नाही. दोन स्वतंत्र नमुने मानले तर हा घरांमधला फरक सगळाच्या सगळा प्रमाण त्रुटीत शिरतो: एकत्रित विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ९८.५७, प्रमाण त्रुटी ४.९६ मिनिटे आणि ४ मिनिटांचा फरक त्यात बुडून जातो. ०.८१ हे उत्तर तिथून आले.

जोडीची चाचणी प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करते. बसचे वजा लोकलचे असे फरक ५, ३, ७, ३, २, ८, २, २ आहेत. सरासरी ४, विचलनांच्या वर्गांची बेरीज ४०, त्याला ७ ने भागून आणि वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन २.३९, प्रमाण त्रुटी ०.८४५ आणि टी ४.७३. सात डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी १ टक्क्याचे दुतर्फी मूल्य ३.४९९ आहे. आठही फरक धन आहेत ही गोष्ट तर तक्ता न उघडताही दिसते. परीक्षेत ‘त्याच व्यक्ती’, ‘आधी आणि नंतर’, ‘अनुक्रमे’ असे शब्द आले की लेखणी थांबवून विचार करावा.

पारसिक
दुसऱ्या गणिताचे मी घेतो, कारण तिथे दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आकडेमोड करत आहेत आणि तरीही उत्तरे जुळत नाहीत. माझ्या मते तिन्हींत सर्वांत रंजक गणित हेच आहे.

चाचणी करताना आपण शून्य परिकल्पना खरी आहे असे धरून चालतो. म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या घरांचे प्रमाण ०.८० आहे असे मानले, तर १०० घरांच्या नमुन्यात किती चढउतार अपेक्षित आहे, हा प्रश्न असतो. म्हणून प्रमाण त्रुटीतही ०.८० हेच घालायचे: ०.८ गुणिले ०.२ भागिले १००, त्याचे वर्गमूळ ०.०४. तूट ०.०८, झेड उणे २.००. विश्वास अंतराल काढताना आपल्यापुढे असे कोणतेही गृहीत प्रमाण नसते, म्हणून सर्रास वापरले जाणारे सूत्र नमुन्यातले ०.७२ घेते: ०.७२ गुणिले ०.२८ भागिले १००, वर्गमूळ ०.०४४९. भाजक मोठा झाला. या भाजकाने भागले तर तीच तूट उणे १.७८ एवढी होते. ०.८० हे ०.५ पासून दूर आहे आणि ०.७२ त्याच्या जवळ आहे, आणि प्रमाण जितके ०.५ जवळ तितका चढउतार अधिक, हे एवढेच कारण आहे.

सरासरीच्या चाचणीत हा घोळ उद्भवत नाही, कारण तिथे प्रमाण विचलन हे सरासरीपासून स्वतंत्रपणे काढले जाते. प्रमाणाच्या बाबतीत मात्र प्रमाण ठरले की विचलनही ठरतेच. त्यामुळे चाचणीचा भाजक आणि नेहमीच्या अंतरालाचा भाजक वेगळे राहतात, आणि सीमेवरच्या उदाहरणात दोघांचे निर्णय उलटे येऊ शकतात.

चाचणीशी जुळणारा अंतराल हवा असेल तर संख्याशास्त्रज्ञ विल्सन यांची १९२७ मधील पद्धत आहे. जी जी गृहीत प्रमाणे या झेड चाचणीत ५ टक्के पातळीवर फेटाळली जात नाहीत, त्या सर्वांचा संच म्हणजे विल्सन अंतराल. इथे तो ०.६२५ ते ०.७९९ येतो. ०.८० अगदी थोडक्यात बाहेर राहते, आणि चाचणीही तेच सांगते.

परंतु यावरून ‘समिती खोटी ठरली’ असे लिहायला मी धजावणार नाही. घरांची संख्या पूर्णांकच असते आणि झेडच्या तक्त्यामागचा सामान्य वक्र सलग असतो, म्हणून सातत्य दुरुस्ती करतात: ७२ आणि ८० मधील ८ च्या अंतरातून अर्धा वजा करून ७.५, भागिले ४, म्हणजे १.८७५. आता ५ टक्के पातळीवर फेटाळता येत नाही. शिवाय संकुलात घरे ६०० च आहेत आणि नमुना त्यांच्या सहाव्या भागाएवढा आहे. सांत (मर्यादित) समष्टीची दुरुस्ती लावली तर प्रमाण त्रुटी ०.०४ वरून ०.०३६५ होते आणि झेड उणे २.१९, म्हणजे काटा पुन्हा नकाराकडे. अशा उदाहरणात तुम्ही कोणते सूत्र आणि का निवडले हे आधी लिहून ठेवणे, हाच सरावाचा खरा भाग आहे. निकाल पाहून मग सूत्र निवडणाऱ्याला या एका गणितात दोन्ही उत्तरे मिळतील.

तराजू
तीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रणात घालवून निवृत्त झालो, म्हणून पुड्यांच्या गणिताबद्दल थोडे लिहितो.

बाईंनी तक्त्याचे सांगितले ते अचूक आहे. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या १६ पुड्यांचे वजन करतो आहे कोण? ग्राहकाच्या बाजूने पाहणाऱ्याला फक्त तुटीची काळजी असते, म्हणून त्याची पर्यायी परिकल्पना (शून्य परिकल्पनेविरुद्धचे म्हणणे) ‘सरासरी ५०० पेक्षा कमी’ अशी एकतर्फी. भरणी यंत्र चालवणाऱ्या कारखान्याला दोन्ही बाजू टोचतात. कमी भरले तर कायदा, जास्त भरले तर फुकट गेलेला माल. त्याची परिकल्पना दुतर्फी. आकडे तेच, तराजू तोच, तरी तक्त्यातला रकाना बदलतो. १५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांचे दुतर्फी मूल्य २.१३१ आहे, म्हणून या उदाहरणात दोघांनाही ५ टक्क्यांवर नकारच मिळेल. पण गुणोत्तर २.० आले असते तर ग्राहकाने तक्रार केली असती आणि कारखान्याने यंत्र तसेच चालू ठेवले असते, आणि दोघांचीही चाचणी बिनचूक असती. सरासरी कमी आलेली पाहून मग ‘आपण एकतर्फीच घेऊ’ म्हणणे मात्र चालत नाही. तसे केल्याने ५ टक्क्यांची चाचणी प्रत्यक्षात १० टक्क्यांची होते.

दुसरे असे, की आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैध मापन नियमांत दोन वेगळ्या अटी आहेत. नमुन्याच्या सरासरीची एक, आणि एकेका पुडीच्या तुटीची दुसरी. ५०० ग्रॅमच्या पुडीला ही अनुज्ञेय तूट १५ ग्रॅम आहे. टी चाचणी फक्त पहिल्या प्रश्नाशी संबंधित आहे. सरासरी ५०० च्या वर असूनही एखादी पुडी ४८० ची निघू शकते, आणि ते शोधायला सरासरीची चाचणी उपयोगी नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थी जवळजवळ कधीच करत नाहीत. १६ पुड्या पुरेशा होत्या का? समजा पुड्यांचे प्रमाण विचलन ५ ग्रॅम आहे आणि सरासरीत खरोखर २ ग्रॅमची तूट आहे. सोपेपणासाठी झेडने हिशेब केला तर १६ पुड्यांची प्रमाण त्रुटी १.२५ ग्रॅम आणि २ ग्रॅम म्हणजे १.६ प्रमाण त्रुट्या. ५ टक्क्यांची एकतर्फी सीमा १.६४५. म्हणजे खरी तूट असूनही ती पकडली जाण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास. नाणे उडवून निर्णय घेतला तरी यापेक्षा वाईट होणार नाही. तीच तूट ९० टक्के वेळा पकडायची असेल तर १.६४५ आणि १.२८२ यांची बेरीज करून ५ ने गुणावे, २ ने भागावे आणि वर्ग करावा: ५३.५ येतात, म्हणजे ५४ पुड्या. हा हिशेब माल उघडण्यापूर्वी करायचा असतो.

घोडबंदरवासी
बाई, पारसिक आणि काका, तिघांचेही आभार. पहिल्या गणिताचा निष्कर्ष आता आम्ही असा लिहितो: ‘१ टक्का पातळीवर शून्य परिकल्पना मान्य, सरासरी वजन ५०० ग्रॅम आहे.’ हे योग्य आहे काय?

मास्तरीणबाई
स्वल्पविरामानंतरचे वाक्य काढून टाकावे, आणि ‘मान्य’ऐवजी ‘फेटाळण्यास पुरेसा पुरावा नाही’ असे लिहावे. नमुन्याची सरासरी ४९७.२ असताना ‘सरासरी ५०० आहे’ असे म्हणणे विचित्र दिसते. त्याच आकड्यांवर शून्य परिकल्पना ४९८ घेतली असती तर तीही फेटाळली गेली नसती. मग एकाच वेळी दोन्ही मान्य म्हणायच्या काय?

तराजू
बाईंशी थोडा मतभेद नोंदवतो. कारखान्यात गाडी दारात उभी असते. माल घ्यायचा किंवा परत पाठवायचा, तिसरा पर्याय नसतो. ‘पुरेसा पुरावा नाही’ असे चलनावर लिहून भागत नाही. तिथे आम्ही ‘स्वीकृत’ असाच शिक्का मारत होतो. संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये चाचणीची मांडणी केली ती अशाच निर्णयाच्या भाषेत: दोन प्रकारच्या चुका (खरी परिकल्पना फेटाळणे ही पहिली, खोटी न फेटाळणे ही दुसरी), त्यांची दीर्घकाळातील वारंवारता, आणि त्यानुसार एक किंवा दुसरी कृती.

मास्तरीणबाई
काकांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु शिक्का मालावर बसतो, परिकल्पनेवर नाही. नेमन-पिअर्सन मांडणीतही ‘स्वीकार’ म्हणजे ती खरी आहे असे वागणे, ती खरी असल्याचे समजणे नव्हे. आणि तसे वागणे शहाणपणाचे ठरते ते दुसऱ्या प्रकारच्या चुकीची शक्यता आधी मोजलेली असेल तेव्हाच. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांना तर ही निर्णयाची भाषा संशोधनात मुळीच पसंत नव्हती आणि त्यावरून नेमन यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्या पाठ्यपुस्तकांत दोघांची पद्धत एकत्र कालवून दिलेली असते, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. काकांनी ५४ पुड्यांचा हिशेब केला आहे. तो करून मग ‘स्वीकृत’ म्हटले तर माझी हरकत नाही. १६ पुड्यांवर आहे.

तराजू
१६ वर मीही शिक्का मारला नसता.

खाडीपूल
एक छोटे गणित माझेही. एका कारखान्यात दिवसपाळीच्या ४०० नगांत २४ सदोष आणि रात्रपाळीच्या ६०० नगांत ६० सदोष निघाले. दोन्ही पाळ्यांच्या प्रमाणात फरक आहे काय? इथे प्रमाण त्रुटीत काय घालायचे? पारसिक यांच्या म्हणण्याप्रमाणे गृहीत प्रमाण घालायचे, पण इथे ते दिलेलेच नाही.

पारसिक
शून्य परिकल्पना एवढेच म्हणते की दोन्ही प्रमाणे समान आहेत. किती, ते सांगत नाही. म्हणून समान मानून दोन्ही नमुने एकत्र करायचे: १००० पैकी ८४, म्हणजे ०.०८४. त्यावरून प्रमाण त्रुटी ०.०१७९, फरक ०.०४, झेड २.२३. दुतर्फी ५ टक्क्यांवर नकार, १ टक्क्यावर नाही. ताळा करायचा असेल तर दोन्ही पाळ्यांच्या सदोष-निर्दोष नगांच्या चार आकड्यांवरून काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतील तफावतीचे माप) काढा, तो ४.९९ येईल, म्हणजे झेडचा वर्ग.

घोडबंदरवासी
दुसरे गणित आम्ही आता आमच्याच संकुलात खरोखर करून पाहण्याचे ठरवले आहे. आमची घरे साधारण तेवढीच आहेत. समितीच्या दाव्याची शून्य परिकल्पना, दुतर्फी पर्याय, ५ टक्के पातळी, सांत समष्टीची दुरुस्ती लावायची, हे सर्व पाहणीपूर्वी लिहून गटात पाठवले आहे. आमच्यातील एकाचे म्हणणे आहे की रविवारी सकाळी एकाच इमारतीच्या सलग १०० घरांत गेल्यास काम लवकर होईल. यामुळे बिघडते काय?

पारसिक
बरेच बिघडते. ०.०४ हे सूत्र प्रत्येक घराचे उत्तर इतरांपासून स्वतंत्र आहे असे धरून चालते. एका इमारतीत कचरा नेणारा माणूस एकच असतो. तो वेगळा कचरा मागत असेल तर सगळा मजला वेगळा देतो, मागत नसेल तर कोणीच देत नाही. तशा १०० घरांत माहिती कदाचित वीस-पंचवीस स्वतंत्र घरांइतकीच असेल, आणि तुमचा झेड मात्र १०० घरांचा आव आणेल. घरांना १ ते ६०० क्रमांक द्या आणि संगणकाकडून १०० यादृच्छिक क्रमांक काढून घ्या.

तराजू
आणि दार बंद आढळले तर शेजारचे दार ठोठावू नये. तोच क्रमांक संध्याकाळी पुन्हा घ्यावा. रविवारी सकाळी घरी नसणारी माणसे कचऱ्याच्या बाबतीत घरी असणाऱ्यांसारखीच वागतात, असे समजायला आधार नाही. शिवाय विचारू नये, डबा पाहावा; विचारले तर सगळेच ‘वेगळा करतो’ म्हणतील.